विहिणीचं माप

आमच्या कोचकोर गावात मेंढ्यांचा बाजार भरला की उमसुनायला बोलावणं ठरलेलं. तिने मेंढी कवेत घ्यायची, डोळे मिटायचे, जरा उचलल्यासारखं करायचं आणि वजन सांगून मोकळं व्हायचं. ज्याचा विश्वास नसेल त्याने खुशाल काट्यावर घालून बघावं. आजवर ज्यांनी बघितलं त्यांनी दुसऱ्यांदा बघितलं नाही. बाई आडव्या हाडाची, गाल डोंगरावरच्या उन्हाने कायमचे तांबडे झालेले, आणि आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरची घोडी हिच्या हाकेला घरी यायची. नवरा बिचारा अबोल. घरातलं सगळं बोलणं बायकोच करून टाकते म्हटल्यावर त्याच्या वाट्याला शिल्लक काय राहणार?

या उमसुनायची धाकटी लेक सेझिम हिचं लग्न ठरलं, आत-बाशी गावच्या बेकतूरशी. मुलगा गुणी, घर चांगलं, दोन्हीकडचे खूश. उमसुनाय तर इतकी खूश की चालताना पळायची आणि पळताना गायची. पण एक काटा तिच्या मनात रुतून बसला होता, आणि तो काटा म्हणजे ब्लेझर.

आमच्याकडे विहिणीचा मान ब्लेझरशिवाय होत नाही. बाकी काय वाटेल ते द्या, शाल द्या, कापडाचं ठाण द्या, गालिचा द्या. विहिणीच्या अंगावर सगळ्या पाहुण्यांदेखत ब्लेझर चढला नाही तर आहेर पोचलाच नाही असं धरतात. तोही नुसता हातात ठेवून चालत नाही. तिला उभं करायचं, बाह्या घालायच्या, गोल फिरवायचं, आणि चार म्हाताऱ्यांनी मान डोलवली की मगच गंगेत घोडं न्हालं. आणि या सगळ्यात वर आणखी एक मेख अशी की विहिणीला तिचं माप विचारायचं नाही. विचारलं की झालं. तुमचा मान किती मीटरमध्ये बसेल बाई, असं विचारल्यासारखं होतं ते.

तीन वर्षांपूर्वी थोरल्या नुरिझाच्या लग्नात उमसुनायने आडून विचारायची हुशारी केली होती. होणाऱ्या जावयाच्या बहिणीला बाजूला घेतलं आणि गोड बोलून आईचं माप काढलं. पोरगी आईवेडी. आई लोकांत सडपातळ ठरावी म्हणून तिने धडधडीत दोन नंबर कमी सांगितले. ऐन मानाच्या वेळी ब्लेझर विहिणीच्या, शारीपाबाईंच्या, कोपरापाशी अडला. दोन मावश्यांनी दोन बाजूंनी ओढला, तेव्हा काखेत टर्रकन आवाज झाला आणि मागे बसलेलं कुणीतरी फिसकन हसलं. शारीपाबाईंनी ब्लेझर उतरवला, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "असू दे. कुणाच्या तरी मुलीला होईल."

त्यानंतर त्या बाईने उमसुनायच्या घरी चहाचा घोट घेतलेला नाही. आणि नुरिझाच्या हातून सूप जरा खारट झालं की तिकडे हमखास ऐकू येतं, "अंदाज आईवरच गेलाय पोरीचा." नुरिझा फोनवर हे हसत हसत सांगायची. उमसुनायही हसायची, फोन ठेवायची आणि घोड्या दुहायला जायची. घोडीच्या पोटाशी डोकं टेकून रडलं तर कुणाला दिसत नाही.

आता सेझिमच्या वाट्याला हे येता कामा नये, एवढी एकच गोष्ट उमसुनायने ठरवली होती. बाकी लग्नात मांस कमी पडो नाहीतर गायक बेसूर गावो, विहिणीच्या अंगावर ब्लेझर बसला पाहिजे.

"सेझिमला सांगा ना," तिची धाकटी जाऊ बातमाकान म्हणाली. "ती बेकतूरला विचारेल. फोनवर रात्रंदिवस चाललेलंच असतं त्यांचं."

"दुधाने तोंड पोळलंय माझं बातमा. आता ताकसुद्धा फुंकून पिणार. मुलं आपल्या आईचं माप कधी खरं सांगत नाहीत."

"मग काय करणार? तुम्ही विहीणबाईंना पाहिलंय एकदा. तेही बसलेल्या."

"पाहिलंय एकदा, पण भेटलेय दोनदा. येताना आणि जाताना." उमसुनायने आपले दोन्ही हात पुढे करून दाखवले. "आणि दोन्ही वेळा कडकडून."

झालं होतं असं, की हिवाळ्याच्या तोंडाला तोल्कुनबाई, म्हणजे बेकतूरची आई, सेझिमच्या कानात कर्णफुलं घालून सोयरीक पक्की करायला आल्या होत्या. वयाने उमसुनायपेक्षा बऱ्याच लहान, चाळिशी नुकती ओलांडलेली, अंगात पातळसा स्वेटर. दारात दोघी विहिणी गळ्यात गळा घालून भेटल्या तेव्हा उमसुनायचे हात त्यांच्या पाठीमागे एकमेकांना जेमतेम गाठून राहिले, बोटाच्या पेराला पेर लागेल इतकेच. हनुवटी नेमकी कुठे टेकली, दंडाला दंड कुठे लागला, सगळं हातांना पाठ. मेंढी काय आणि विहीण काय, कवेत आलेलं उमसुनाय विसरत नसे.

"विहीणबाईंना हे कळलं ना, तर त्या लग्नच मोडतील," बातमाकान म्हणाली आणि हसू आवरेना म्हणून खाली बसली.

दोघी पहाटे मार्शरुत्कात, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या गाडीत, बसल्या आणि बूम घाट उतरून बिश्केकला दोर्दोय बाजारात पोचल्या. तिथे लोखंडी कंटेनरवर कंटेनर चढवून दुकानं केलेली आणि मधल्या गल्ल्यांत माणसांचा लोट वाहत असतो. ब्लेझरांची तर आख्खी ओळच. काळे, करडे, डाळिंबी, पिस्त्याच्या रंगाचे, सोनेरी बटणांचे, बिनबटणांचे. उमसुनायचा ऊर भरून आला. बातमाकानने तिची बाही घट्ट धरून ठेवली, नाहीतर पहिल्याच दुकानात तिने तीन घेतले असते.

ज्या दुकानात त्या थांबल्या तिथली झामीरा उंच, काटकुळी, गळ्यात मापाची फीत. तिने विचारलं, "विहीण अंगाने कशी आहे, एजे?" एजे म्हणजे ताई, पण बाजारात हा शब्द जरा मधात बुडवूनच म्हणतात.

उमसुनायने हवेत कव घालून दाखवली. "एवढी."

झामीराने त्या रिकाम्या कवेकडे गंभीरपणे पाहिलं. "एजे, हे पिंप झालं. मला बाई सांगा."

"बाईच सांगतेय."

"गोलाई कळली. ती छातीला आहे, पोटाला आहे का कमरेखाली? खांदे रुंद का उतरते? मान आखूड का लांब?" झामीराने एक ब्लेझर बोटावर टांगून धरला. "हा खांद्यावर लटकतो, बघा. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते. खांदा चुकला की आपण हात टेकले. रुंद खांद्याच्या बाईला गादी भरलेला खांदा दिला तर ती पैलवान दिसते, आणि आखूड अंगाच्या बाईला गुडघ्यापर्यंत लांब कोट दिला तर कपाट. तुम्ही मला तिच्यासारखी बाई आणून द्या. पुढचं माझ्याकडे."

कुणाला वाटलं असतं ही बोलायची रीत झाली. उमसुनायला नाही. ती ताडकन वळली आणि गल्लीत शिरली.

आता आमच्या माणसांची एक खोड सांगितली पाहिजे. रस्त्यात कुणी अनोळखी येऊन गळ्यात पडलं तर "मी तुम्हाला ओळखलं नाही" असं म्हणायची आमची छाती होत नाही. न जाणो, आजोबांच्या आतेभावाची सून निघायची, आणि मग सात गावांत बोंब होईल की अमकीला शहराचं वारं लागलं, नात्याची माणसं ओळखत नाही. त्यापेक्षा आपणही मिठी मारावी, घरची खुशाली विचारावी आणि नंतर रात्रभर आठवत बसावं की ही होती कोण.

उमसुनायने पहिली बाई पकडली ती मोजे विकणारी. "कशी आहेस गं, किती दिवसांनी." बाईने क्षणभर डोळे मोठे केले आणि मग तीही बिलगली. "तुम्ही कशा? गुरंढोरं बरी आहेत ना?" "बरी आहेत, बरी आहेत." हात पाठीमागे एकमेकांवर चांगले वीतभर चढले. बारीक आहे. सोडली.

दुसरी बाई कवेत मावेचना. तिसरीची गोलाई बरोबर जमली पण ती सगळी खाली होती, वर खांदे पोरीसारखे. चौथीने तर सोडायचंच नाव घेतलं नाही. उमसुनायच्या खांद्यावर डोकं ठेवून तिने आपल्या नवऱ्याची सगळी कर्मकथा सांगितली, आणि जाताना जर्दाळूंची पिशवी हातात कोंबली. पाचवीने लग्नाला यायचं कबूल केलं.

"जाऊबाई, पुरे करा आता," मागून बातमाकान जर्दाळू खात खात म्हणाली. "अर्ध्या बाजाराशी सोयरीक झाली आपली. एवढ्यांना आहेर कुठून करायचा?"

"गप गं. हाताला लागतंय आता. जवळ आलोय आपण."

आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून चहाचा गाडा आला. गाडा ढकलणारी बाई "गरम चहा, गरम सामसा, पाय सांभाळा" असं ओरडत गर्दी फोडत येत होती. खांदे भरदार, मान आखूड, छाती पुढे, आणि खाली कमरेपासून एकदम सडपातळ, निमुळती. उमसुनायने एकदाच नीट बघून घेतलं. ती गाड्याला वळसा घालून गेली आणि तिने त्या बाईला कवेत घेतलं. पाठीमागे पेराला पेर लागलं. हनुवटी नेमकी जिथे टेकायची तिथेच टेकली.

"बातमा," ती तशीच ओरडली, "हीच ती."

"कोण मी?" चहावाली गुदमरत म्हणाली. "ताई, मी कुणाचं काही घेतलेलं नाही."

तिचं नाव रोझा. हकिगत ऐकली तेव्हा ती आधी चिडली, मग हसली, मग गाडा बातमाकानच्या हवाली करून ॲप्रनला हात पुसत झामीराच्या दुकानात आली. जन्मात एकदाही ब्लेझर घातला नव्हता म्हणाली. गाडा ढकलणाऱ्या बाईला तो कशाला लागतो?

झामीराने पहिला दिला तो लांब, सरळ, करडा. रोझा आरशासमोर उभी राहिली. "कपाट," रोझा स्वतःच म्हणाली. दुसरा दुहेरी बटणांचा, खांद्यात गादी. त्यात ती रस्त्यावरच्या पोलिसासारखी दिसली. तिसऱ्याची कंबर छान होती, पण छातीवर इतका ताणला गेला की बटणाभोवती सुरकुत्यांचा फणा उठला. उमसुनायच्या कानात ती काखेची टर्र वाजली आणि तिने स्वतःच्या हाताने तो काढून घेतला.

मग झामीरा मागे गेली आणि एक डाळिंबी रंगाचा घेऊन आली. खांद्यात काही भरलेलं नाही, शिवण नेमकी खांद्याच्या हाडावर. गळा खोल उतरता, त्यामुळे आखूड मान उगीच लांब वाटायची. एकच बटण, ते छातीच्या खाली, जिथे अंग आत वळतं तिथे. लांबी कमरेच्या हाडाच्या जरा खाली, तिथून खाली ब्लेझर हलकासा फुललेला, म्हणजे वरचं भरदारपण आणि खालचं सडपातळपण यांचं भांडण मिटावं. रोझाने बाह्या घातल्या. झामीराने बटण लावलं आणि स्वतःची मूठ आत घालून दाखवली. "एवढी जागा पाहिजे. बसल्यावर, जेवल्यावर, हसल्यावर."

रोझा आरशात बघत राहिली. एका बाजूने वळली, दुसऱ्या बाजूने वळली. मग हात पुढे करून तिने हवेत गाडा ढकलून बघितला. पाठीत कुठे काही ताणलं नाही.

"मी अशी आहे होय?" ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं मी नुसतीच जाड आहे."

उमसुनायला भरून आलं. ती नाचायचीच बाकी राहिली होती. तिने झामीराला मिठी मारली, रोझाला मारली, आणि दाराशी नुसता बघायला थांबलेल्या एका गिऱ्हाइकालाही मारली. परतीच्या वाटेवर पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि आख्खा घाट तिने बातमाकानला खांद्याची शिवण कुठे असावी ते समजावून सांगितलं. बातमाकान मध्ये केव्हाच झोपली होती, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

वसंतात, खालच्या उतारावरचा बर्फ गेल्यावर, वऱ्हाड आत-बाशीला निघालं. तोल्कुनबाईंच्या अंगणात मोठ्या कढया चढल्या होत्या, पोरं घोड्यांमागे धावत होती, कणकेचे बोर्सोक तळल्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. तोल्कुनबाई लांबसैल झग्यात, वर घेतलेली शाल सावरत, लगबगीने पुढे आल्या. उमसुनायने हात पसरले आणि विहिणीला कवेत घेतलं.

पण या वेळी बोटं बोटांना भेटेनात.

तिने पुन्हा जरा आवळून बघितलं. मध्ये चांगलं चार बोटं अंतर. खांदे तेच, मान तीच, दंड तेच. पण पुढून काहीतरी वाढलं होतं आणि त्याने हातांना मागे भेटू दिलं नाही.

"हिवाळ्यात चरल्या असतील," जेवणाच्या दस्तरखानापाशी बसताना बातमाकान तिच्या कानात म्हणाली. "कोण चरत नाही?"

"बटण लागणार नाही बातमा."

"मग नुसता खांद्यावर टाका."

"नुसता टाकला तर म्हणतील, घालता येत नव्हता म्हणून टाकला. सेझिम इथे जन्म काढणार आहे गं." उमसुनायने हातातला घास परत ताटात ठेवला. समोर सेझिम नवा पांढरा रुमाल डोक्याला बांधून, मान खाली घालून बसली होती. मध्येच तिने आईकडे बघून हळूच स्मित केलं, तेव्हा तर उमसुनायला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

मानाची वेळ आली. तोल्कुनबाईंना उभं केलं. त्यांनी शाल काढायला उगीचच जरा वेळ लावला. उमसुनायने डाळिंबी ब्लेझर उघडला तेव्हा बायकांत कौतुकाची कुजबुज झाली. उजवी बाही गेली, डावी गेली. शिवण खांद्याच्या हाडावर जाऊन बसली, गळ्याने मान लांब केली, पाठ सपाट, कुठे एक सुरकुती नाही. म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या.

"सुंदरच आहे," तोल्कुनबाईंची थोरली नणंद म्हणाली. ही बाई कशालाही सुंदर म्हणाली की ऐकणाऱ्याने सावध व्हावं. "आता बटण लाव की. बघू दे सगळ्यांना."

तोल्कुनबाईंनी दोन्ही कडा जवळ आणल्या. कडा काही भेटल्या नाहीत. त्यांनी श्वास आत घेतला, तरी नाहीत. मागे कुणीतरी फिसकन हसलं. उमसुनायला वाटलं, तेच माणूस असणार, ते आपल्या मागे कोचकोरहून इथवर आलंय.

"लागत नाही वाटतं," नणंद उठून उभी राहिली. "का गं तोल्कुन, काय झालंय तुला? इकडे ये बघू, उजेडात ये."

तोल्कुनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचा हात आपोआप पोटावर गेला. उमसुनाय बटणाला मदत करायच्या निमित्ताने पुढे झाली, तिचा हात त्या हातावर पडला, आणि ज्या बाईने जन्मभर गाभण मेंढ्या कवेत घेऊन ओळखल्या तिला आता कुणी सांगायची गरज उरली नाही. तरी तोल्कुनबाई तिच्या कानाशी लागल्या.

"विहीणबाई, चौथा चाललाय. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. घरात सून येतेय आणि मी हे असं. आज नको हो. आजचा दिवस मुलांचा होऊ दे."

नणंद दोन पावलांवर आली होती. उमसुनाय गर्रकन वळली आणि दोघींच्या मध्ये उभी राहिली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अंगणातल्या कढयांपर्यंत गेला. "माप माझं चुकलं. ऐका सगळ्यांनी. मी मेंढ्या जोखणारी बाई, विहिणीला कवेत घेतलं आणि आनंदाने हातच आखडले माझे. लहान घेऊन आले. तीन वर्षांपूर्वी असाच घेतला होता, शारीपाबाईंना विचारा हवं तर. आमच्या घरात अंदाज कुणालाच नाही. तेवढी एक माझी सेझिम सोडून, तिचा अंदाज बापावर गेलाय."

 मग एक म्हातारी खुदकन हसली, आणि मग सगळं घर हसलं. कढयांपाशी माणसं हसली. अबोल नवऱ्याने मान वर करून बायकोकडे बघितलं आणि तोही हसला. "शारीपाबाईंच्या वेळी तर फाटला होता," उमसुनाय पुढे सांगू लागली आणि तो सगळा प्रसंग, मावश्या, ओढाओढ, टर्र, तिने हातवारे करून साभिनय सांगितला. जी गोष्ट तिने तीन वर्षं घोडीशिवाय कुणाला सांगितली नव्हती ती भर लग्नात सांगितली. नणंद हसू दाबत खाली बसली, आणि तोल्कुनबाईंच्या पोटाकडे बघायचं ती साफ विसरली.

"मला उघडाच आवडतो," तोल्कुनबाई हसणं ओसरल्यावर म्हणाल्या. त्यांच्या गालावर रंग परत आला होता. "खांदे बघा आधी. असे खांदे माझे मला कधी कुणी दाखवले नव्हते." आणि पाहुणे कितीही बघत असले तरी त्यांनी तो ब्लेझर उतरवला नाही. त्यातच मांस वाढलं, त्यातच चहा ओतला, त्यातच सेझिमला जवळ घेतलं आणि तिच्या कपाळावर ओठ टेकले.

संध्याकाळी वऱ्हाड परत निघालं तेव्हा बातमाकान गाडीत तोंड फुगवून बसली. "उद्या सगळ्या खोऱ्यात होईल, उमसुनायचं माप चुकलं. आता मेंढ्यांच्या बाजारात कोण विचारणार तुम्हाला?"

"नाही विचारलं तर नाही," उमसुनाय म्हणाली. तिला इतकं सांगावंसं वाटत होतं की तिने दोन्ही हातांनी तोंड धरून ठेवलं होतं. अंगणाच्या फाटकाशी तोल्कुनबाई डाळिंबी ब्लेझर घालून उभ्या होत्या, त्यांच्या खांद्याला खांदा लावून सेझिम. गाडी हलली तशा तोल्कुनबाई दोन पावलं पुढे आल्या.

"विहीणबाई," त्यांनी हाक मारून सांगितलं, "शरद ऋतू येऊ द्या. बटण लावून दाखवते."

सेझिमला त्यातलं काही कळलं नाही, पण सासू हसतेय म्हणून तीही हसली.